न घातलेल्या दाण्याचे पुण्य

धुरपदाबाईंविषयी नरडाण्याकडे एक गोष्ट सांगतात. कॉलेजातल्या उपाशी उंदरांची त्यांना दया आली, त्यांनी चोरून दाणा घातला आणि त्यापायी त्यांची नोकरी गेली. ऐकणारा हात जोडतो. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण ती खोटी आहे. मी तेव्हा धुळ्याला त्याच कॉलेजात, त्याच खात्यात प्रयोगशाळा सहायक होते. जे स्वतः पाहिले आणि ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून जे ऐकले, तेवढेच लिहिते.

धुरपदाबाई नरडाण्याजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नव्हते. दीर पुना आणि जाऊ कमलबाई यांच्या घरात राहायच्या. भाकरी मिळायची, पण ती ताटात पडताना आवाज करायची, असे त्या म्हणत. शेवटी पंच्याऐंशी साली त्या धुळ्याला आल्या आणि कोणाच्या तरी ओळखीने आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये रोजंदारीवर लागल्या. ॲनिमल हाऊस म्हणजे मागच्या बाजूची पत्र्याची लांब खोली. तिच्यात प्रयोगाचे पांढरे उंदीर असत. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी ठेवायचे आणि तोलून दिलेले खाद्य घालायचे, हे त्यांचे काम.

पहिल्या दिवशी त्यांनी त्या लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरांकडे पाहिले आणि मला विचारले, "माय वं, यास्ले काही रोग व्हयेल शे का?"

"नाही हो, हे असेच असतात. महागाचे आहेत."

"महागाना?" त्या हसल्या. "आमना शेतम्हाना लई जा म्हना, फुकट दिसू."

हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी त्यांना उंदरांची आई करून टाकले. त्यांना उंदरांचे प्रेम-बिम काही नव्हते. शेतात उंदरांनी बाजरीची कणसे कशी कातरून नेली, हे त्या दात-ओठ खाऊन सांगायच्या. फक्त एक गोष्ट त्या पाळत. आपल्या दाव्याला बांधलेले जनावर उपाशी असताना आपण घास घ्यायचा नाही, ही त्यांच्या माहेरची रीत होती. घरी बैल होते, इथे उंदीर होते. रीत तीच. सकाळी सगळ्या पिंजऱ्यांत खाद्य पडल्याशिवाय त्यांच्या डब्याची गाठ सुटत नसे. आणि प्रयोगासाठी एखादा गट उपाशी ठेवलेला असला तर त्या रात्री त्याही जेवत नसत. आम्ही चेष्टा करायचो, "धुरपदाबाई, आज कोणती चतुर्थी?" त्या म्हणायच्या, "नेहेते सरनी चतुर्थी."

नेहेते सर आमच्या खात्यातले प्राध्यापक. सावद्याच्या केळीवाल्या घरातले, हुशार, भराभर बोलणारे. ते उंदरांवर जो प्रयोग करत तो मला जसा समजला तसा सांगते. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, मला घरातलीच उपमा सुचते. घरात भांडी सगळी असतात, पण रोज सगळी निघत नाहीत. आमच्याकडे फळीवरून पोळ्या भाजायचे मातीचे खापर खाली आले की शेजारणीला कळते, आज पुरणपोळी. शरीराचेही तसेच. प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण काय खाल्ले, किती वेळ उपाशी राहिले, त्यावर कोणती कामाला लागायची ते ठरते. नेहेते सर एका गटाला वनस्पती तूप घातलेले खाद्य देत, एका गटाला साधे, आणि एका गटाला एक दिवस उपाशी ठेवत. पोटात चरबी जास्त आली की यकृत चरबी जाळायची भांडी काढते. आणि खायला काही मिळाले नाही की अंगातली चरबी जाळायला तीच भांडी काढते. अती खाणारा आणि उपाशी, दोघांच्या यकृतात एकच खापर खाली कसे येते, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चांगला होता. तो अजूनही मला चांगलाच वाटतो.

आमच्याकडे ते मोजायची यंत्रे नव्हती. उंदीर मारला की यकृताचा तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा. तो नायट्रोजन जनावरांच्या दवाखान्यातून मिळे. गायींच्या कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे तो असतोच. मग त्या गोठलेल्या तुकड्यांचे भांडे घेऊन पुण्याचा माणूस जाई आणि मोजणी तिकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत होई.

उपाशी गटाचे नियम कडक होते. तळाला जाळी असलेले पिंजरे, कारण भुकेला उंदीर भुसा आणि स्वतःची लेंडीही खातो. खाद्याच्या पिंपाला कुलूप, त्याची चावी धुरपदाबाईंकडे. सरांनी सांगितल्याशिवाय दाणा घालायचा नाही की काढायचा नाही. त्यांच्या आधी तिथे जीवराम नावाचा माणूस होता. त्याने एकदा डब्यातली उरलेली पोळी पिंजऱ्यात टाकली आणि सरांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवले. ही कथा धुरपदाबाईंना लागल्या दिवशीच ऐकवली होती. आणि ब्याण्णव साली तर त्यांना पावले मोजून टाकण्याचे कारण होते. रोजंदारीतून कायम करायच्या लोकांत त्यांचे नाव लागले होते. कायम झाल्या की मागच्या चाळीत खोली, म्हातारपणी पेन्शन, आणि पुनाच्या घरी कधीच परत जायचे नाही. त्या दुसरे काही बोलतच नसत. "ताई, मना नावनी खोली," असे म्हणून नुसत्या हसायच्या.

त्या वर्षी हरतालिकेच्या संध्याकाळी सरांनी उपाशी गटाचे खाद्य काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उंदीर कापायचे. दुसरा दिवस गणेश चतुर्थीचा आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हते. ते ध्यानात आणून दिले त्यांच्या आईने. त्या सणाला सावद्याहून आल्या होत्या. सर पूजा आटोपून कॉलेजला निघाले तशा त्या दारात आडव्या झाल्या, हे मला नंतर सरांच्या बायकोनेच हसत हसत सांगितले.

"काय रे, घरात गनपती बसाडला अन् तू उंदरं कापाले जाशीन?"

"आई, ते प्रयोगाचे आहेत."

"प्रयोगाचे असो नाही तं कशाचे. देवाचं वाहन आहे. आज एकाही उंदराले मारायचं नाही."

सरांनी मानले. आईचे मानले यात मला काही वाईट दिसत नाही. माझ्याही सासरी, भडगावला गणपती बसतो, त्यासाठीच मी रजा टाकून गेले होते. सरांनी कॉलेजच्या रखवालदाराला, हिलालला फोन केला. "आज उंदीर कापायचे नाहीत. आमचा दीड दिवसाचा गणपती आहे, विसर्जन झालं की परवा सकाळी बघू. तोवर पिंजऱ्यांना कोणी हात लावू नका." हिलालने ते जसेच्या तसे धुरपदाबाईंना सांगितले.

मारायचे नाही हे सरांना आठवले. खायला घालायचे, हे आठवले नाही.

चतुर्थीची रात्र गेली. ऋषिपंचमीला सकाळी धुरपदाबाईंनी पाहिले तर दोन उंदीर मरून पडलेले. त्यांनी हिलालला विचारले. हिलाल म्हणाला, "माले काय इचारतीस अक्का, माले सांगं तितलं सांगं." मग त्या डोक्यावर पदर घेऊन चालत देवपुरात सरांच्या घरी गेल्या. दारात चपलांचा ढीग, आत आरती चाललेली. त्या ओट्यावर उभ्या राहिल्या. सरांच्या बायकोने त्यांच्या हातावर मोदक ठेवला. आरती झाल्यावर सर बाहेर आले.

"काय बाई?"

"सर, उपाशी गटम्हाना दोन मरी ग्यात. बाकीनास्ले दाना टाकू का?"

सरांनी मागे वळून पाहिले. आई आत बसली होती. हळूच म्हणाले, "आज दाणा टाकला तर उद्या कापता येणार नाहीत, आणि उद्या पुण्याचा माणूस यायचाय. आज घरात देव आहे, आज मरण्याबिरण्याच्या गोष्टी नकोत. आहे तसं राहू द्या."

"पन सर..."

"बाई, तुमचं नाव मीच पुढे पाठवलंय ना? मग?"

एवढे बोलून ते आत गेले. धुरपदाबाई परत आल्या आणि ॲनिमल हाऊसच्या पायरीवर बसून राहिल्या. पंचमीचा उपवास होताच, आदल्या दिवशीही त्या जेवल्या नव्हत्या. खाद्याचे पिंप त्यांच्या पाठीशी, चावी त्यांच्या कमरेला.

मी रजेवरून आले तेव्हा त्यांनी मला हे सगळे सांगितले. आवाज अगदी कोरडा होता. "ताई, जे मरनात त्यास्ले बाकीनास्नी कुरतडं. कान खाई टाकात. मी देखत व्हती. चावी मनाजवळ व्हती."

"मग घालायचा होता ना मूठभर!" माझ्या तोंडून गेले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "माले कायम व्हवानं व्हतं, ताई."

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी बारापैकी पाच जिवंत होते. सरांनी ते पाच कापले, तुकडे नायट्रोजनमध्ये टाकले, भांडे पुण्याला गेले. कागदांवर मात्र उपाशी गट 'एक दिवस' असेच राहिले. मेलेल्यांचा उल्लेख कुठे आला नाही. आणि खरे काय लिहिणार होते? घरी गणपती बसले होते म्हणून उंदरांना मारता आले नाही, म्हणून ते भुकेने मेले, हे इंग्रजीत कसे लिहायचे?

पुण्याहून निकाल आला तो थक्क करणारा. उपाशी उंदरांच्या यकृतात चरबी जाळणारी जनुके अशी काही पेटून उठली होती की तूप खाणारा गट त्यांच्यापुढे काहीच नाही. एका दिवसाच्या उपासाने एवढे? तिकडच्या लोकांनी सरांना फोनवर शाबासकी दिली. सर महिनाभर हवेत होते. कॅन्टीनमध्ये आम्हा सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. मी ती कागदात गुंडाळून घरी नेली, मुलांनी खाल्ली.

मी सरांना एकटे गाठून म्हटले, "सर, ते तीन रात्री उपाशी होते. ते लिहायला हवं."

"तुम्ही रजेवर होता ना?"

"हो, पण..."

"मग तुम्हाला काय माहीत, बाई?"

पुढे पुण्याच्या लोकांनी सांगितले, छापायच्या आधी एकदा पुन्हा करून बघा. जानेवारीत सरांनी प्रयोग पुन्हा केला. या वेळी मधे कुठला सण नव्हता. खाद्य संध्याकाळी काढले, दुसऱ्या संध्याकाळी उंदीर कापले. सगळे जिवंत होते. धुरपदाबाई त्या रात्रीही जेवल्या नाहीत. मी स्वतः तिथे होते आणि पिंपाचे कुलूप मी स्वतः पाहिले. निकाल आला. जनुके वाढली होती, पण बेताची, एका दिवसाच्या उपासाने वाढावीत तेवढी. पहिल्या निकालाच्या निम्मीही नाहीत.

आता सरांपुढे दोन वाटा होत्या. पहिल्या वेळचे खरे सांगायचे, किंवा दुसऱ्या वेळचा प्रयोग कोणीतरी बिघडवला म्हणायचे. सरांनी विचारले, "चावी कोणाकडे होती?"

चौकशी बसली. प्राचार्य, नेहेते सर, आणि कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या मंडळावरचे कौतिक आबा. हे आबा म्हणजे पांढऱ्या धोतराचे, मोठ्या मनाचे शेतकरी. मला साक्षीला बोलावले. मी म्हणाले, दाणा घातलेला नाही, मी होते. आणि पहिल्या वेळचेही सांगितले. सरांनी मान हलवली, "यांना धुरपदाबाईंचा लळा आहे. साहजिक आहे." हिलालला बोलावले. त्याला फोनमधले काहीच आठवेना. त्याच्या भाच्याला संस्थेत चिकटवायचे चालले होते.

मग सर बोलले, आणि वाईट असे काहीच बोलले नाहीत. तेच मला जास्त लागले. "बाई प्रामाणिक आहेत, पण भोळ्या आहेत. उंदीर उपाशी असले की स्वतः जेवत नाहीत, सगळ्या खात्याला माहीत आहे. बायकांचं मन असतं. चतुर्थी-पंचमी करणारी बाई, उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन. दया आली असेल." प्राचार्यांनी मान डोलावली. धुरपदाबाई जे इतकी वर्षे निष्ठेने पाळत आल्या, तेच त्यांच्यावर पुरावा म्हणून उभे राहिले.

कौतिक आबांचे डोळे भरून आले. त्यांनी धुरपदाबाईंना समोर बसवले. "माय, दया काही गुन्हा नाही. तू फक्त कबूल कर. दोन ओळी लिहून दे, जीव कळवळला म्हणून दाणा टाकला. मी तुला वसतिगृहाच्या खानावळीत घेतो. कायम. तुझी खोलीही मिळेल. माझा शब्द."

मी मनात देवाचे नाव घेत होते. खरे सांगायचे तर, त्यांनी हो म्हणावे असेच मला वाटत होते. दोन ओळींनी काय बिघडणार होते?

धुरपदाबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. "मी दाना नही दिन्हा, आबा. ना त्या टायमाले, ना या टायमाले."

"अगं, पण दिला म्हटल्याने तुझं भलंच होतंय."

"सात जीव मना डोयासमोर उपाशी मरनात. मनी खोली जाई म्हनीसन मी त्यास्ले दाना टाका नही. आते त्याच खोलीसाठे टाका म्हनू का?" त्यांचा आवाज चढला. "त्यास्ना नावनं पुण्य लेऊ का मी?"

आबा गोंधळले. "कोणते सात?" त्यांनी सरांकडे पाहिले.

"आबा, प्रयोगात उंदीर मरतातच," सर म्हणाले.

संपले. रोजंदारीवरच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. महिन्याच्या एक तारखेला त्या आल्या तेव्हा ॲनिमल हाऊसच्या दाराशी नवा माणूस होता. त्यांनी पिंपाची चावी त्याच्या हातात दिली आणि विचारले, "सकायले यास्ले पानी दिन्हं का?" त्याने दिले नव्हते. पाणी ठेवायला सांगून त्या गेल्या.

सरांनी पुण्याला कळवले की दुसरा प्रयोग नोकराच्या चुकीने वाया गेला. पहिला निकाल छापून आला. पुढे ते मोठे झाले, लोक त्यांना व्याख्यानाला बोलवत. व्याख्यानात ते ही गोष्ट सांगत. आमच्याकडची साधी भोळी माणसे, विज्ञानापुढेही त्यांची करुणा कशी हटत नाही, असे काहीतरी. मुले हसायची, मग टाळ्या वाजवायची. मी दोनदा ऐकले. दुसऱ्यांदा मला वाटले, सरांना आता ते खरेच वाटते आहे.

तीन-चार वर्षांनी एका लग्नासाठी मी नरडाण्याकडे गेले, तेव्हा वाट वाकडी करून धुरपदाबाईंकडे गेले. पुनाचे घर ओसरीचे, समोर गोठा. धुरपदाबाई निंदणीहून नुकत्याच आल्या होत्या. वाळल्या होत्या. मला पाहून हसल्या, पण उठून पाणी आणले ते कमलबाईंनी. ओसरीवर शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. कमलबाई त्यांना म्हणाल्या, "ह्या कॉलेजातल्या ताई. यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या जाऊबाईंनी उपाशी उंदरांना खाऊ घातलं, सरकारी नोकरी गेली तरी पर्वा केली नाही. एवढं पुण्य कोणाच्या घरात असतं?"

नोकरी सरकारी नव्हती. पण ज्या घरात भाकरी आवाज करायची, त्याच घराला आता धुरपदाबाईंचा अभिमान होता. गावात मान होता. पुना चावडीवर सांगायचा.

"मी नही दिन्हं," धुरपदाबाई म्हणाल्या. जमिनीकडे बघून, सवयीने म्हणावे तसे.

शेजारणींपैकी एक मान हलवत दुसरीला म्हणाली, "देख, कशी शे ती. केलं तरी सांगत नही."

"नहीच सांगत," कमलबाई कौतुकाने म्हणाल्या. "मोठ्या मनाची माणसं अशीच असतात."

मी मध्येच बोलले. "वहिनी, त्या खरं सांगताहेत. त्यांनी दाणा घातला नव्हता. नोकरी गेली ती खोटं लिहून दिलं नाही म्हणून."

कमलबाई माझ्याकडे पाहून समजुतीने हसल्या. "तुम्हीही त्यांच्यासारख्याच, ताई." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

धुरपदाबाई मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. बस दिसू लागली तेव्हा म्हणाल्या, "ताई, सरनी छापं ना ते? त्याम्हा त्या उंदरास्ले कितला दिन उपाशी ठेवं म्हनीसन लिखेल शे?"

"एक दिवस."

त्यांनी बसला हात केला.

"एक दिनम्हा कोनी मरस का, ताई?"

बस थांबली. मी चढले. मागच्या खिडकीतून पाहिले तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या, आणि घराकडे जायची त्यांना काही घाई दिसत नव्हती.